डावीकडचं वजन

दोन हजार तीनच्या सुमारास मी नोकरीसाठी सांगलीहून चेन्नईला गेले. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गिअर बनायचे, आणि ते मापात आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या खोलीत माझं काम असायचं. कंपनीची बस सकाळी अण्णा नगरच्या गोल चौकापासून सुटायची, म्हणून राहायची जागाही तिथेच शोधली. जागा दाखवणाऱ्या माणसाला मी मराठी आहे एवढं कळलं आणि त्याने मला सरळ एका दुमजली घरापाशी नेऊन उभं केलं. घरमालक मराठीच आहेत, आता तुमचं तुम्ही बोला, असं तो तमिळमध्ये म्हणाला आणि फाटकाबाहेरच थांबला.

दार उघडलं ते नऊवारी नाही आणि पाचवारीही नाही अशा काहीतरी वेगळ्याच पद्धतीने लुगडं नेसलेल्या एका ठेंगण्या बाईंनी. कपाळावर कुंकू, नाकात दोन्ही बाजूंना खडे. "ये की, आत बैस," त्या म्हणाल्या. शब्द मराठी होते, पण वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचललेलं होतं. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही तंजावरचं. घराणी तिकडे जाऊन कित्येक पिढ्या झालेल्या. माझी मराठी त्यांना बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी वाटली, तसं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला त्यांची मराठी कशी वाटली हे सांगायला तेव्हा शब्द सुचले नाहीत. 'मला'च्या जागी 'मज' आणि 'तुला'च्या जागी 'तुज' म्हणणारं जिवंत माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माणूस मला विचारत होतं की कॉफीत साखर किती घालू.

सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. मी काकू म्हणायला लागले, तेही त्यांना चाललं. काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे घर बांधलं. मूल नव्हतं. काकूंची एक भाची कोइंबतूरला असायची, ती नवरात्रात येऊन जायची. बाकी वर्षभर घरात दोघंच. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी.

पहिले काही महिने मला वाटायचं की या दोघांचं भांडण झालेलं आहे. खालून कधी बोलण्याचा आवाज यायचाच नाही. मग कळलं, काकांना ऐकू येत नाही. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात, काढलेली वर्षं म्हणा किंवा वय म्हणा, कान जवळजवळ गेलेले होते. कानाला लावायचं यंत्र आणलेलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवून दिलेलं. काकूंना काही सांगायचं असलं तर त्यांच्या अगदी जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागे, आणि त्यांचा स्वभाव मुळातच मोठ्याने बोलण्याचा नव्हता. मग हळूहळू दोघांनी बोलणं जरुरीपुरतं केलं, आणि पुढे जरुरीही कमी करत नेली. एकाच ओसरीवर दोन खुर्च्यांत दोघं बसलेली असायची. काका पेपर वाचायचे, काकू वाती वळायच्या.

दिवाणखान्यात भिंतीवर ते घड्याळ होतं. काळसर तांबड्या लाकडाची उंच, निमुळती पेटी, पुढे काच, आत पांढरी तबकडी आणि तिच्यावर रोमन आकडे. खाली लांब लंबक. लंबकाच्या उजवीकडे दोरीला टांगलेलं पितळेचं एक जाडजूड नळकांडं होतं. डावीकडे नुसतीच दोरी लोंबत होती, तिच्या टोकाला रिकामी कप्पी. घड्याळ बंद होतं. शेजारी खिळ्याला प्लॅस्टिकचं सेलवर चालणारं घड्याळ लावलेलं, त्यावर एका औषध कंपनीची जाहिरात. घरात वेळ बघायची ती त्यावर.

दुसऱ्या वर्षी काकूंच्या डोळ्यांचं काम निघालं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण तो डोळा तसा सुधारला नाही. दुसऱ्यात काचबिंदू होता आणि तो फार उशिरा लक्षात आला. त्यांना घरात वावरता यायचं, भाजी चिरता यायची, पण भिंतीवरचे काटे दिसेनात. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, त्यासाठी वेळ विचारायची तर काकांच्या कानाशी जाऊन ओरडावं लागे. एका शनिवारी दुपारी त्या जिना चढून वर आल्या. मी कपडे वाळत घालत होते. धाप लागली होती तरी बसल्या नाहीत.

"तू कारखान्यात यंत्रांची चक्रं मोजतेस म्हणे," त्या म्हणाल्या. "तुज घड्याळ उघडू येतं की?"

मी म्हटलं, घड्याळ कधी उघडलेलं नाही. त्या म्हणाल्या, चक्रं तीच की. आणि मग, कपड्यांच्या दोरीला धरून उभ्या उभ्याच, त्यांनी मला त्या घड्याळाचं सगळं सांगितलं.

ते त्यांच्या वडिलांचं होतं. त्यांच्या लहानपणी तंजावरच्या घरी दर रविवारी त्याला किल्ली द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. भाऊ मोठे होते, पण त्यांना धीर नव्हता, ते किल्ली घाईने फिरवायचे. म्हणून वडिलांनी ते काम मुलीकडे दिलं आणि तिच्या लग्नात घड्याळही तिच्याबरोबर पाठवलं. त्या घड्याळाला दोन वजनं असायची. उजवीकडच्या वजनावर काटे चालायचे, डावीकडच्या वजनावर ठोके पडायचे. लग्न झालं तेव्हा काका अरकोणमला होते. ड्यूटी कोणत्याही वेळी लागायची, घरी आले की दिवसा झोपायचे. ठोके पडले की ते दचकून उठत. एक दिवस त्यांनी डावीकडचं वजन काढून ठेवलं. काटे चालत राहिले, आवाज गेला. पुढे बदल्या होत गेल्या, काढलेलं वजन कुठेतरी हरवलं. आणि या घरात आल्यावर तर घड्याळ मुळी चाललंच नाही.

"मज आता दिसत नाही," काकू म्हणाल्या. "ऐकू तरी येऊ दे."

त्यात गाऱ्हाणं नव्हतं. एखादी गोष्ट किती दिवसांपासून मनात ठरलेली आहे हे आवाजावरून कळतं, तसं मला कळलं.

आधी आम्ही रीतसर मार्गाने गेलो. बाजारातल्या घड्याळजीला घरी बोलावलं. त्याने काचेतून आत पाहिलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि सांगितलं की हे काम आता कोणी करत नाही. पेटी चांगली आहे, आतलं सगळं काढून सेलचं मशीन बसवून देतो, ठोक्यांऐवजी गाणंही वाजेल. काकांना तो काय म्हणतोय ते मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांना ते एकदम पटलं. "मग घाला की सेल," ते त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले. काकूंनी घड्याळजीला कॉफी दिली आणि वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी काका माझ्यावर जरा नाराज होते. जुन्या वस्तूत हात घालून ती आणखी बिघडवण्यापेक्षा आहे तशी राहू द्यावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुढच्या शनिवारी ते जेवून पडल्यावर आम्ही दोघींनी काम सुरू केलं. खरं तर त्यांच्या उशाशी हातोडी मारली असती तरी त्यांना जाग आली नसती, तरी आम्ही कुजबुजत होतो.

मी स्टुलावर चढून आधी लंबक काढला, मग वजन, मग मागचे दोन स्क्रू सैल करून सगळी यंत्रणा पुढे ओढली. ती हातात आली तेव्हा तिचं वजन पाहून मला धडकी भरली. जमिनीवर पेपर अंथरला होता. काकू समोर मांडी घालून बसल्या होत्या. दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये चक्रं, आणि सगळ्यांवर डांबरासारखं घट्ट झालेलं काळं तेल. एका चक्राच्या दातांत मुंगीचं डोकं अडकलेलं होतं. प्रत्येक भाग सुटा करण्याआधी मी त्याचं चित्र काढून घेत होते, कारण परत जोडायचं काम मलाच करायचं होतं.

सुटे भाग रॉकेलच्या वाडग्यात घातले. दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासले. पत्र्यांमधली भोकं साफ करायला बारीक काही हवं होतं. काकूंनी देवघरातून जळून संपलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आणून दिल्या. त्यांना टोक काढून भोकात फिरवलं की काळं निघायचं, मग दुसरी काडी. हे काम काकूंना न बघता करता येत होतं. काडी बाहेर स्वच्छ येते की नाही एवढंच मी सांगायचे. त्या काम करताना तंजावरच्या गोष्टी सांगत. तिथे उन्हाळ्यात दुपारी सगळं घर झोपलेलं असताना त्या या घड्याळासमोर उभ्या राहायच्या आणि ठोका पडण्याआधी आतून एक 'खट्' असा बारीक आवाज यायचा, त्याची वाट पाहायच्या. ठोका सगळ्यांना ऐकू यायचा, पण तो 'खट्' फक्त त्यांनाच माहीत होता, असं त्यांना तेव्हा वाटायचं.

दोन ठिकाणी भोकं झिजून लांबट झाली होती. घड्याळ बंद पडलं ते त्यामुळेच असावं. मी मापं घेतली आणि कारखान्यातल्या टूलरूममधून त्या भोकांत बसवायला पितळेचे दोन इवलेसे बुश, म्हणजे पोकळ कड्या, करून आणल्या. त्यातला एक बुश मी बसवत होते तेव्हा माझ्या पाठीमागून आवाज आला, "तिरकं जातंय."

काका उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. आम्ही दोघी कुजबुजत राहिलो आणि ते नुसते चालत आले. काकू हातातली काडी फिरवत राहिल्या. काकांनी धोतर सावरलं, खाली बसले आणि पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी बुश सरळ बसवला. झाल्यावर त्यांनी त्यावरून अंगठा फिरवून पाहिला, आणि मग दुपारची झोप सोडून ते दर शनिवार-रविवारी आमच्यात बसायला लागले.

पेटीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. खालच्या बाजूला थोडी वाळवी लागली होती, तेवढा भाग कोरून लाकडाचा तुकडा बसवला. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने हळूहळू पॉलिश केलं. घरभर त्या स्पिरिटचा वास भरून राहिला. ठोके देणाऱ्या हातोडीवरचं चामडं दगडासारखं कडक झालं होतं. त्यांनी आपल्या जुन्या चपलेच्या अंगठ्याचा तुकडा कापून तिथे लावला. पायात होती ती चप्पल घड्याळात कशाला, म्हणून काकूंनी नाक मुरडलं, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही किंवा गेलं नाही असं त्यांनी दाखवलं.

राहिलं होतं ते डावीकडचं वजन. उजवीकडचं होतंच, त्याच्यासारखं दुसरं करून घेता आलं असतं. तरी काम देण्याआधी मला खात्री करायची होती की दोन्ही वजनं सारखीच होती ना. मी कागदावर लिहिलं, 'काका, हरवलेलं वजन याएवढंच होतं का?'

काकांनी कागद वाचला. खिडकीजवळ जाऊन पुन्हा वाचला. मग परत येऊन बसले.

"सारखंच होतं," ते म्हणाले. "फक्त बुडाला एक पोचा होता. माझ्या हातून पडलेलं."

मग ते बोलत राहिले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाची सवय म्हणून सगळं घर भरेल अशा आवाजात बोलले. वजन घरात हरवलं नव्हतं. ब्रेकव्हॅनमध्ये वारा फार यायचा आणि कागद उडायचे. हातासरशी काहीतरी जड असावं म्हणून ते वजन ते बरोबर नेऊ लागले होते. नव्या बायकोच्या घरची वस्तू, हातात धरायला चांगली वाटायची, असंही ते म्हणाले. एकदा अरकोणमला उतरताना घाईत ते तिथेच राहिलं आणि ब्रेकव्हॅन दुसऱ्या गाडीला लागून पुढे निघून गेली. त्यांनी स्टेशनावरून फोन केले, गूडूरपर्यंत ओळखीच्या माणसांना विचारलं. गाडी तिकडून विजयवाड्याला गेलेली. कोणाला सापडलं नाही, किंवा ज्याला सापडलं त्याने ठेवून घेतलं.

"घरी येऊन काय सांगणार?" ते म्हणाले. "म्हटलं, हरवलं."

काकूंच्या मांडीवर मऊ फडकं होतं आणि त्यात एक चक्र. त्यांनी ते बाजूला ठेवलं, उठल्या, चाचपडत काकांपर्यंत गेल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. मी त्यांना त्या घरात इतक्या मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"मज वाटलं, तुम्ही रागानं टाकलंत. इतकी वर्षं मज तेच वाटलं."

"राग?" काका म्हणाले. "कशाचा राग?"

"आवाजाचा. तुमास तो आवाज नको हुता."

"झोप पाहिजे होती गं," काका म्हणाले. "राग नव्हता."

मी पाण्याचा तांब्या आणायला स्वयंपाकघरात गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे उभी राहिले. परत आले तेव्हा काकू पुन्हा आपल्या जागी बसून चक्र पुसत होत्या. काकांनी मात्र आपली बैठक हलवून त्यांच्या शेजारी आणली होती.

टूलरूममधून वजन यायला वेळ लागणार होता. तोवर सगळं जोडून झालं होतं आणि आम्हाला नुसतं बसून राहवत नव्हतं. कल्पना काकूंची. तिकडे लग्नामुंजीत नारळ आणि विडा घालून देतात ना, त्या पिवळ्या कापडी पिशव्यांतली एक त्यांनी आणली, तिच्यात इडलीसाठी आणलेला उकडा तांदूळ भरला आणि उजवीकडच्या वजनाशी हातांत तोलून पाहिला. थोडा काढला, थोडा परत घातला. मग आम्ही ती पिशवी डावीकडच्या कप्पीला टांगली. पिशवीवर कुठल्याशा वधूवरांची नावं छापलेली होती आणि ती घड्याळाच्या काचेतून दिसत होती.

मी मिनिटकाटा धरून हळूच बारापर्यंत नेला. आतून 'खट्' झालं. मला ते काकूंनी सांगितलं होतं म्हणूनच ऐकू आलं. पुढच्या क्षणाला पहिला ठोका पडला. आवाज मला वाटला होता त्याहून खोल होता, चपलेच्या चामड्यामुळे जरा मऊसुद्धा. काकू डोळे मिटून उभ्या होत्या आणि ओठांत मोजत होत्या. काकांनी पेटीच्या कडेवर तळहात टेकवला होता.

"वाजलं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडासमोर बोटं धरली. सात. काटे चारवर होते.

घड्याळाच्या मागे एक खाचांची चकती असते. ठोके किती द्यायचे ते ती ठरवते, आणि काटे कुठे आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. जोडताना माझ्याकडून ती पुढे सरकलेली राहिली होती. एक तरफ उचलून उचलून ते जुळवता आलं असतं, तसं मी त्यांना सांगितलंही. पण काका म्हणाले, राहू दे थोडे दिवस. त्यांना मजा वाटत होती. मग तो आठवडाभर त्या घरात चार वाजता सात वाजले आणि दहा वाजता एक. दर तासाला काकू जिथे असतील तिथून दिवाणखान्याच्या दारात यायच्या आणि बोटं वर करायच्या, काका मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि दोघं हसायची. मी रविवारी जिन्यात बसून हे बघितलेलं आहे. अकरा ठोके पडले तर काकू दहा बोटं दाखवून मग एक वेगळं दाखवत.

पुढे ठोके जुळवले तरी बोटांचा परिपाठ सुटला नाही. पितळी वजन आलं, ते उजवीकडच्याच्या जोडीला चकचकीत दिसू लागलं आणि तांदळाची इडली झाली. पेटी भिंतीवर किंचित तिरकी होती, त्यामुळे टिकटिक एकसारखी पडत नव्हती. ते काकूंच्या कानाला कळायचं. "लंगडतंय," त्या म्हणायच्या. मग काका पेटीचा खालचा भाग केसभर इकडे तिकडे सरकवत, काकू हाताने खुणा करत, आणि बरोबर जागा आली की त्या दोन्ही हात खाली सोडत. वेळ जुळवणं मात्र काकांनी कोणाला करू दिलं नाही. रोज सकाळी टीव्हीवर बातम्यांच्या वेळी पडद्यावरचं घड्याळ बघून ते लंबकाखालचा स्क्रू एखादा फेरा वर किंवा खाली करत. मालगाडीचं तासन् तास साइडिंगला, बाजूच्या रुळावर, पडून राहणं ज्यांनी आयुष्यभर सोसलं, तेच काका आता अर्ध्या मिनिटासाठी चष्मा लावून उभे असत. रविवारी किल्ली तेच देत.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मला एकाच लांब दुपारसारखी आठवतात. बसमधून उतरून मी फाटक उघडायचे तेव्हा बहुतेक ठोके पडत असत. खालून बोलण्याचे आवाज यायला लागले होते, तेही मोठमोठ्याने. काकूंनी लाज सोडली होती. भाजी काय करू हे त्या आता गल्लीला ऐकू जाईल असं विचारायच्या. माझ्या बोलण्यातही त्यांचे शब्द शिरले. सुट्टीत सांगलीला गेले की आई मला विचारायची, 'मज भूक नाही' हे तू कुठून शिकलीस.

काका गेले ते आजारी पडून थोड्याच दिवसांत. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी चेन्नई सोडलं. आणखी काही वर्षांनी काकू भाचीकडे कोइंबतूरला गेल्या, घड्याळ त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्या वारल्या तेव्हा भाचीने मला फोन करून कळवलं. ते घड्याळ आता कोणाकडे आहे हे मला माहीत नाही. पण मी तिथे असतानाचा एक रविवार सांगायचा राहिला.

काकांच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. तंजावरचे, तिरुच्चीचे, रेल्वेतले जुने सोबती. त्या गडबडीत किल्ली द्यायचं कोणालाच सुचलं नाही आणि घड्याळ आपोआप थांबलं. तेरावं झालं, माणसं परतली. भाची राहिली होती, तीही गेली. मी एकदा विचारलं, किल्ली देऊ का? काकू म्हणाल्या, असू दे. मी पुन्हा विचारलं नाही.

कितीतरी आठवडे गेले. एका रविवारी सकाळी मी गच्चीवर होते आणि खालून करकर असा आवाज आला, दाते पकडत पकडत काहीतरी गुंडाळलं जात असल्यासारखा. मी खाली आले. काकू पाटावर उभ्या होत्या. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी तबकडीवरचं किल्लीचं भोक शोधलं होतं आणि उजव्या हाताने त्या किल्ली फिरवत होत्या, अगदी सावकाश, मध्ये कुठेही न थांबता. आधी उजवीकडचं वजन वर गेलं, मग डावीकडचं. मला पाटाशेजारी जाऊन त्यांना धरावंसं वाटलं, पण त्यांचा हात इतका स्थिर होता की मी दारातच थांबले.

"किती वाजले, सांग," त्या मागे न वळता म्हणाल्या.

मी सांगितलं, साडेनऊ. घड्याळ अडीचवर थांबलेलं होतं.

त्यांनी बोटाने मिनिटकाटा पुढे ढकलायला सुरुवात केली. बारावर आला की थांबायच्या, ठोके पूर्ण पडू द्यायच्या, मग पुढे. तीन वाजले, मग अर्ध्याचा एक ठोका, मग चार, पाच. घाई केली तर ठोके चुकतात, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली. सहाचे ठोके पडले, सातचे पडले. आठला त्यांचा हात दुखू लागला असावा, त्यांनी तो झटकला आणि पुन्हा वर नेला. नऊ ठोके मीही मनात मोजले. साडेनऊवर काटा आणून त्यांनी लंबकाला धक्का दिला, कान पेटीच्या जवळ नेला आणि ऐकत राहिल्या.

मग पाटावरून उतरण्यासाठी त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी तो धरला. "इडलीचं पीठ आंबलंय का बघ," त्या म्हणाल्या, "आज वरच जेवू नको, खाली ये."